अननसानं खाल्लेल्या रेषा

निकाराग्वाहून कोस्टारिकात शिकायला आलेली योर्लेनी सेलेदोन पदवीधर झाली आणि कामाचा परवाना काढायला कचेरीत गेली. कागद सगळे बरोबर होते, पण ठसे काही उमटेनात. यंत्रावर दहाही बोटं तीनतीनदा टेकवली, तरी पडद्यावर नुसते राखाडी डाग.

"बोटं अशी गुळगुळीत कशी गं?" कारकून बाईंनी विचारलं. "काम काय करतेस?"

चार वर्षं ती रोज पहाटे शेडमध्ये अननस सोलत होती. त्या रसानंच बोटांवरच्या रेषा खाल्ल्या होत्या. पण शिकायला आलेल्या परदेशी मुलांना काम करायची मुभा नव्हती. कायद्याच्या लेखी ती चार वर्षं हवा खाऊन जगली होती.

"काही नाही. अभ्यास करते."

"म्हणजे पुस्तकं चाळून झिजली म्हणायची!" बाई हसल्या नाहीत. "पंधरा दिवस हातांना आराम दे, मग ये."

फाटकाशी मावशी थांबली होती. "मिळाला का परवाना?"

"पंधरा दिवस काम केलं नाही, तर कामाचा परवाना मिळेल."

त्याच शेडमध्ये वीस वर्षं अननस सोललेल्या मावशीनं स्वतःची बोटं उन्हात धरून पाहिली.

"मग मला किती वर्षं बसून राहावं लागेल गं?"