तक्रार नाही, असं लिहायला सांगितलं

मंडळी, आज डोकं तापलंय. आमच्या आदिलाबादच्या ऑफिसात भेदभावाविरुद्ध प्रशिक्षण होतं. सफाई करणाऱ्या कमलामावशींना तिथे सांगायचं होतं, की ऑफिसच्या माठाला त्यांना हात लावू देत नाहीत.

हजेरीवर त्यांची सही होताच मोठे बाबू म्हणाले, "झालं ना मावशी? आता मागचं आवार झाडून घ्या."

प्रशिक्षकांनी "कुणाची काही तक्रार आहे का?" असं विचारलं, तेव्हा मावशी बाहेर झाडत होत्या.

प्रशिक्षणाचा अहवाल लिहायचं काम माझ्याकडे होतं. मी मावशींचं म्हणणं लिहिलं. बाबू म्हणाले, "काऊन वाढवून राह्यली पोरी? 'तक्रार नाही' लिहून टाक."

मी मावशींची ओळ खोडली नाही. पण मावशींना बाहेर पाठवलं तेव्हा मीही गप्प बसले, हे लिहायची हिंमत झाली नाही. तुम्ही लिहिलं असतं?