दगड, कागद, कात्री आणि मोरया

माझा सिंगापूरचा वर्क पास संपायला अकरा दिवस उरले होते. ही नोकरी हुकली की यिशुनचा फ्लॅट, लेकीची शाळा, सगळं गुंडाळून पुण्याला परत! मुलाखतीला निघताना बायको दारातच म्हणाली, "मोरया म्हण आणि सुरुवात कर."

तेव्हा जो तो क्रिप्टोच्या मागे लागला होता. मला मुलाखतीत क्रिप्टोच्याच नेटवर्कवर चालणारा, स्वतः लिहिलेला खेळ दाखवायचा होता. साधा दगड-कागद-कात्री. पण तिथे पंच कोणी नाही आणि प्रत्येक नोंद सगळ्यांना दिसते. म्हणून दगड, कागद की कात्री हा आपला डाव आणि एक गुप्त शब्द मिळून कुलूपबंद नोंद टाकायची. दोघांची कुलपं लागली की दोघांनीही डाव आणि शब्द उघड करायचे. मागाहून डाव बदलला तर कुलूप जुळत नाही. दर डावाला शब्द नवा हवा, ही सूचनाही मीच लिहिलेली.

समोर कंपनीचे चिनी साहेब आणि ज्यांच्या हाताखाली काम करायचं त्या मॅडम. खेळायला मॅडम बसल्या. माझा शब्द 'मोरया'. पहिला डाव जिंकलो! शब्द आता उघड झाला होता, बदलायलाच हवा होता. पण जिंकून देणारा शब्द टाकून द्यायची छातीच होईना. परत मोरया.

दुसरा डाव हरलो. तिसरा हरलो. चौथाही हरलो. आपली नोंद टाकण्याआधी मॅडम मोरयाबरोबर दगड, कागद, कात्री तिन्ही लावून बघत होत्या; जे माझ्या कुलपाशी जुळेल तो माझा डाव. कळत होतं, तरी हात तोच शब्द टाइप करत होता. पाचवाही गेला.

"बॅड लक, लाह!" साहेब सिंगापुरी थाटात हसले.

हो म्हटलं असतं तर सुटलो असतो. मॅडम नुसत्या माझ्याकडे बघत होत्या.

"नाही सर. खेळ चोख आहे, गाढव मी आहे. एकच शब्द पुन्हा पुन्हा वापरला," मी इंग्रजीत सांगून टाकलं.

साहेबांनी वही मिटली.

लिफ्टपाशी मॅडम चक्क मराठीत बोलल्या. "नशीब म्हणाला असतात ना, तर मी नकोच म्हणणार होते. जुना शब्द प्रोग्रॅमनंच नाकारायला हवा, तेवढं करा. तुमच्या पासचा अर्ज आजच भरायला सांगते. आणि अहो, मोरया मनात म्हणा!"

मला त्यांच्यासमोरच रडू कोसळलं.

घरी बायकोनं दार उघडलं. "मिळाली? मोरया म्हणालास ना रे?"

"पाच वेळा," मी म्हणालो.