जपून ठेवलेला गुडघा

पुण्याच्या प्रयोगशाळेत माझं काम एवढंच: कृत्रिम सांध्यात धातूच्या खाली बसणाऱ्या प्लास्टिकच्या चकतीचा पृष्ठभाग सुधारायचा. वरचा थर असा करायचा, की सांध्यातलं पाणी त्यावर टिकावं आणि घासलं तरी भुकटी कमी सुटावी. आमचा थर अजून कोणाच्या शरीरात गेलेला नाही. मोताळ्याला राहणाऱ्या माझ्या आईचा गुडघा बदलला, त्यात बाजारातलीच चकती बसली. चांगली होती.

दिवाळीत मी आईला दोन नमुने दाखवले. एक साधा, यंत्रावर घासून खळगा पडलेला. दुसरा आमचा, जवळजवळ जसाच्या तसा. ती त्या खळग्यावरून बराच वेळ बोट फिरवत राहिली. मला वाटलं, लेकीचं कौतुक चाललंय.

संक्रांतीनंतर बाबांचा फोन आला. "तुही माय चालूनच नाही राह्यली. दिवसभर खुर्चीवर."

डॉक्टरांनी तर रोज चालायला बजावलं होतं. मी चडफडत गावी गेले. आईसाहेब ओसरीत खुर्ची टाकून बसलेल्या, तिथूनच भाजीवालीशी घासाघीस सुरू. पोटऱ्या पार सुकल्या होत्या.

"काऊन वं माय, दुखते का?"

"नाही. जपून राह्यली. तूच त दाखवलं, घासलं की झिजते."

माझं डोकंच फिरलं. "गुडघा काय लग्नातला शालू हाये का, पेटीत ठेवाले?"

तिनं आत पाहिलं. बाबा दोन्ही हातांनी कप धरून चहा पीत होते. हल्ली त्यांचे हात थरथरतात. तिनं आवाज उतरवला.

"उद्या थे अंथरुनाले खिळले त उचलन कोन? तवा लागन मले हा गुडघा. आताच झिजवून कसं चालन?"

तरी मी मुद्दा सोडला नाही.

"अवं, पायात ताकदच नाही राह्यली त उचलशीन कशी? चकतीच्या आधी तूच संपशीन."

हे मात्र तिला पटलं. खुर्चीचे हात धरून उठली, दातओठ खात पायरी उतरली आणि अंगणातून फाटकाकडे निघाली. मी धावत जाऊन दंड धरला.

"सोड वं," ती म्हणाली. "तुह्या हाताची सवय लागन मले, अन् तू त परवा चालली."

मी हात सोडला.