पायरीवरचं पाणी

सकाळी मंडईला निघाले, तर मागे पायरीवर पाणी पडल्याचा आवाज आला. वरच्या मजल्यावरची परी, शिकायला आलेली इराणी मुलगी, रिकामा पेला घेऊन उभी होती. जाणारा सुखरूप परतावा म्हणून त्यांच्याकडे त्याच्यामागे पाणी ओततात. तिचा भाऊ इथून तेहरानला गेला तेव्हाही तिनं ओतलं होतं. मग तिकडे बॉम्ब पडू लागले, विमानं थांबली. आता त्याचा फोनही लागत नाही.

“अगं, मी मेथी आणायला चाललेय.”

“असू द्या काकू,” ती मोडक्या मराठीत म्हणाली, “आता मी सगळ्यांच्या मागे ओतते.”

दूर कुणीतरी नकाशावर बोट ठेवतं, आणि इथे एका मुलीला मंडईच्या वाटेचाही भरवसा वाटेनासा होतो.

मंडईत मन लागेना. भाव न करताच जुडी उचलली आणि पायरी वाळायच्या आत घरी पोचायचं म्हणून झपाझप चालू लागले.