माझ्या नावाचा हॉल

ढोकीच्या एसटी स्टँडवर मला निरोप द्यायला जमलेल्या लोकांनी आधी माझा सत्कार उरकून घेतला, आणि मी तोवर जिल्ह्याबाहेर काही म्हणजे काहीही जिंकलेलं नव्हतं. हैदराबादच्या एका बॅडमिंटन अकादमीनं मला निवडलं होतं, एवढंच. मी तेरा वर्षांची. गळ्यात झेंडूचा हार, अंगावर मोठ्या माणसाची शाल, हातात नारळ, आणि काखेत रॅकेट निसटू नये म्हणून दाबून धरलेली. गाडी लागली तरी भाऊसाहेबांचं भाषण चालूच. भाऊसाहेब म्हणजे आमच्या गावातले कायमचे प्रमुख पाहुणे. त्यांच्याशिवाय गावात बारसंसुद्धा होत नाही. कंडक्टरनं घंटी मारली, परत मारली. मग त्यालाच खाली बोलावून त्याच्या गळ्यात हार घातला. का, तर तो मला नेणार होता म्हणून! गाडीतली माणसं शिव्या देत होती आणि त्यांचं बरोबरच होतं.

आईनं खिडकीतून धपाट्यांचा डबा दिला. ती एकटी रडत होती. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, रडायला फुरसत नव्हती; ते फोटोवाल्याला सांगत होते, "भाऊसायबाचं तोंड नीट यिऊ द्या." त्या फोटोत माझं तोंड हाराच्या मागं आहे. फोटो अजून घरी भिंतीवर आहे, कुणालाही जाऊन बघता येईल.

हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे, ढोकीकरांनो. आणि जे माझ्यासारखे निघून गेले, पुण्यात फ्लॅट घेतला आणि पेपरात माझा फोटो आला की तेवढ्यापुरते 'आम्ही पण तिकडचेच' झाले, त्यांच्यासाठीही. गोड लिहायला मला जमत नाही. गोड बोलणारे तुमच्याकडं ढिगानं आहेत.

आप्पा साखर कारखान्यात टाइम ऑफिसला होते. कॉलनीत साहेब लोकांचं क्लबघर होतं. संध्याकाळी साहेब लोक ढेरी सावरत तिथं बॅडमिंटन खेळायचे. शटल खाली पडलं की वाकणार कोण, म्हणून मला वेचायला बोलवायचे. वेचता वेचता मी मारायला लागले. पुढं साहेबांना हरवायला लागले, तशी साहेबांना संध्याकाळची कामं आठवायला लागली. क्लबात खाली शहाबादी फरशी. धूळ उडू नये म्हणून शिपाई खेळाच्या आधी तिच्यावर ओलं फडकं मारायचा. एकदा नेटजवळचं शटल घ्यायला धावले, पाय सरकला आणि गुडघा आतल्या बाजूला वळला. आईनं हळद-तेल चोळलं. आप्पा म्हणाले, "पडल्याबिगर कुणी खेळाडू हुतंय व्हय?" सुजलेल्या गुडघ्यानं मी जिल्ह्याची स्पर्धा खेळले आणि जिंकलेसुद्धा. अर्थात सत्कार झाला.

हैदराबादची भाषा मला फार परकी वाटली नाही. मेसमधली यादम्मा 'नक्को' आणि 'हौ' म्हणायची, आणि आमच्याच आठवडी बाजारात उभं असल्यासारखं वाटायचं. परकी वाटली ती जमीन. अकादमीत कोर्टाला खाली लाकडी फळ्या, वर हिरवी मॅट. पाय टाकला की जरासा दबायचा आणि जागेवर थांबायचा. मला तर आखूड पावलं टाकायची सवय, अंग चोरून, बाथरूममध्ये चालल्यासारखी. सर पहिल्याच आठवड्यात ओरडले, "जमीन से डरती कायकू?" काय सांगणार? आमच्याकडं जमीन पाडते, म्हणून सांगू? बाकीच्या पोरी स्मॅश शिकत होत्या तेव्हा मी धावायला शिकत होते. चांगलं अर्धं वर्ष त्यात गेलं.

रविवारी घरून फोन यायचा. आई विचारायची, जेवलीस का. आप्पा विचारायचे, जिंकलीस का, पेपरात आलं का, भाऊसाहेबाला कळवलं का. मी कशी खेळले, समोरची कशी होती, कुठं चुकलं, हे त्या घरातून मला एकदाही कुणी विचारलं नाही. मी क्लबातून बाहेर पडल्यावर आप्पांनी माझा एक सामना पाहिला नाही. सत्कार मात्र त्यांचा एक चुकला नाही. पहिल्या रांगेत फेटा बांधून बसायचे. शालींनी आईची अख्खी ट्रंक भरली. इतक्या शालींचं करायचं काय? आमच्याकडं थंडी पडते किती, पाच-सहा आठवडे!

आणि तुम्ही! मी राज्यात पहिली आले तर तुम्ही विचारलंत, "ऑलिंपिकला कधी?" दुहेरीत देशाकडून खेळायला गेले, पाठीवर इंडिया लिहिलेला शर्ट घालून परदेशात उभी राहिले, तर म्हणालात, "पण टीव्हीवर न्हाय दिसली." दुहेरी म्हणजे काय ते ठाऊक नसलेल्या माणसानं मला चौकात थांबवून सांगितलं की पोरगी एकटी खेळली असती तर पुढं गेली असती. लई हुशार माणूस, आता सोसायटीचा संचालक आहे.

मग गुडघा गेला. चालू सामन्यात, मागं उडी मारून खाली येताना. आवाज मला ऐकू आला. डॉक्टर फोटो बघून म्हणाले, हे आजचं नाही, लहानपणी कधीतरी दुखावलंय आणि तसंच वापरलंय. ऑपरेशन झालं, खेळ संपला. कुबड्या घेऊन घरी आले तर चौकात मांडव घातलेला. 'जिद्दीला सलाम' असा फ्लेक्स. मला कुबड्यांवर उभं ठेवून चार जणांनी भाषणं ठोकली आणि एकालाही खुर्ची द्यावी असं सुचलं नाही. त्या दिवशी मला तुमचा मनापासून तिटकारा आला. खोटं कशाला बोलू, तो अजून गेलेला नाही.

मी हैदराबादलाच राहिले. त्याच अकादमीत लहान पोरींना शिकवते. इथं माझं भाड्याचं घर आहे, सकाळी मुगाचा पेसरट्टू खाते, फोनवर शिव्या तेलुगूत देते. गावचा विषय मी मनातून काढून टाकला होता, पण विषयानं मला सोडलं नाही. भाऊसाहेबांनी कुठून तरी निधी आणला आणि गावात बॅडमिंटनचा हॉल बांधायला काढला. समितीचे सचिव आप्पा, रिटायर होऊन बसलेच होते. फोन आला तेव्हा आवाजात नुसता आनंद. "सुवर्णे, हालला तुझं नाव दिलंय. फरशी अशी बसवलीय की तोंड दिसतंय त्यात!"

मी म्हणाले, आप्पा, फरशी नको, खाली लाकूड लागतं.

"लाकडाला वाळवी लागती. तुला काय कळतंय बांधकामातलं?"

झालं. मला बॅडमिंटनच्या कोर्टातलं काय कळतंय!

उद्घाटनाला गेले. जायचं नव्हतं, पण आई म्हणाली, आप्पांनी नवा कोट शिवलाय. गेले आणि दारातच थांबले. हॉल मोठा होता, खोटं नाही. भिंती पांढऱ्याशुभ्र, म्हणजे पांढरं शटल त्यावर दिसायलाच नको. वर ओळीनं पंखे, म्हणजे शटलनं कुठं जायचं ते पंख्यानं ठरवायचं. आणि एका टोकाला स्टेज. पक्कं, दगडी काठाचं, कोर्टाच्या मागच्या रेघेला अगदी चिकटून. मागं पळत गेलेली पोरगी पाठीवर त्या काठावरच आदळणार. मी आप्पांना विचारलं, स्टेज कशाला? ते माझ्याकडं बघतच राहिले. "मग सत्कार कुठं करायचा?"

आपल्याकडं देऊळ बांधताना आधी गाभारा बांधतात, तसं यांनी आधी स्टेज बांधलं होतं. उरलेल्या जागेत खेळ.

आणि ती फरशी. खरंच तोंड दिसत होतं. सकाळीच फिनाइल टाकून पुसलेली, वर गुलाबाच्या पाकळ्या उधळलेल्या. कार्यक्रमपत्रिकेत छापलं होतं, आत्या-भाचीचा प्रेक्षणीय सामना. भाची म्हणजे माझ्या भावाची तनू. ती बारा वर्षांची, क्लबात खेळते, आणि माझ्यापेक्षा हात चांगला आहे तिचा. नवे बूट घालून ती कोर्टाच्या कडेला उभी होती. मी बघत होते. तिनं पाय उचलला आणि टाकला. आखूड, अंग चोरून. माझंच पाऊल.

फीत कापून झाली, फेटे बांधून झाले, भाऊसाहेब बोलून झाले. भाषणात त्यांनी मला टेनिसपटू म्हटलं. मग माईक माझ्याकडं आला. पहिल्या रांगेत आप्पा नव्या कोटात, मान ताठ. मी जे बोलले ते जसंच्या तसं लिहिते, कारण नंतर गावात त्याच्या बऱ्याच आवृत्त्या निघाल्या. मी म्हणाले, "हॉल लग्नाला उत्तम आहे. जेवणाच्या पंगती झकास बसतील. पण या फरशीवर एकाही पोरीनं रॅकेट घेऊन उतरायचं नाही. माझा गुडघा असल्याच फरशीवर गेला. तनू, बूट काढ."

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! देवाशपथ. भाषण संपलं की टाळी, एवढंच शिकलेले हात. भाऊसाहेब हसत हसत मला शाल घालायला पुढं आले. टाळी वाजवली नाही ती फक्त आप्पांनी. त्यांनी ऐकलं होतं.

घरी जेवणं झाली नाहीत. आई म्हणाली, "चारचौघांत बापाचं तोंड काळं केलंस." आप्पांनी कोट खुंटीला लावला आणि ओट्यावर जाऊन बसले. मी पहाटेच्या गाडीनं निघाले. स्टँडवर कुणी आलं नव्हतं, आणि खरं सांगू, मला हलकं वाटलं. गाडी कळंब रोड सोडून पुढं गेली तशी मात्र रडले.

त्यानंतर माझ्या नावाच्या हॉलची पत्रिका व्हॉट्सअपवर यायला लागली. विवाहस्थळ म्हणून. 'सुवर्णा क्रीडा भवन, ढोकी, लग्नघटिकेस अगत्य येणेचे करावे.' माझं स्वतःचं लग्न झालेलं नाही, पण माझ्यात गावातली निम्मी लग्नं लागली. अकादमीतल्या पोरींना मी ते दाखवून हसवते. आप्पांचा फोन मात्र बंद झाला. रविवारी आईच बोलायची. मागं आप्पांचं खोकणं ऐकू यायचं, म्हणजे ते तिथंच असायचे.

दिवाळी झाली, ज्वारीचा हुरडा झाला, आणि एका रविवारी फोन आप्पांनीच लावला. 'जेवलीस का' नाही, 'जिंकलीस का' नाही. सरळ म्हणाले, "सुवर्णे, त्ये लाकडाचं पायाला कसं लागतंय गं?"

मला आधी समजेचना. मग समजलं. इतक्या वर्षांत त्या माणसानं मला खेळाबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न. मी म्हणाले, सांगून कळायचं नाही, आप्पा. या तुम्ही. आणि तनूला घेऊन या, तिची निवड चाचणी इथंच करू.

आले. तनूचं सामान, आईचे धपाटे, आणि खांद्याला एक पिशवी. मी खोचून विचारलं, स्टँडवर बँड होता का? तनू म्हणाली, "न्हाय आत्या, आप्पांनी कुणाला सांगितलंच न्हाय. शेजारी म्हणाले सोलापूरला दवाखान्यात चाललेत." मी हसले. ढोकीतून खेळाडू पहिल्यांदाच गुपचूप बाहेर पडला होता.

कोर्टाच्या दारात आप्पांनी देवळात काढतात तशा चपला काढल्या. आत गेले, उभे राहिले. टाचेनं दाबून बघितलं. दुसरा पाय टाकला. मग माझा वयस्कर, गुडघेदुखीचा बाप जागच्या जागी बारकी उडी मारून बघायला लागला. पोरी खेळ थांबवून बघत होत्या. मी म्हणाले, आप्पा, पुरे. ते म्हणाले, "दबतंय गं."

"हो."

खाली बघतच त्यांनी हळू विचारलं, "तू क्लबात पडली, त्या दिशी खाली ह्ये असतं तर?"

माझी जीभ कशी आहे ते तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. वीस वर्षं जी उत्तरं घोटून ठेवली होती ती सगळी तयार होती. ती तशीच ठेवून मी म्हणाले, "मग नसतं लागलं, आप्पा." त्यांनी मान हलवली आणि माझ्या गुडघ्याकडं बघितलं. ऑपरेशनच्या वेळीसुद्धा त्यांनी तो बघितला नव्हता.

पिशवीत शाल होती. न्हाय म्हटलं तरी सवय. माझ्या सरांचा सत्कार करायचा म्हणून आणलेली, नारळासकट. पण सर गावाला गेले होते. आप्पांनी ती शाल कोर्टाच्या कडेच्या पायरीवर अंथरली आणि तिच्यावर बसले. तनूची चाचणी सुरू झाली. पहिले काही फटके ती आखूड पावलानंच धावली. सर नव्हते, म्हणून मीच ओरडणार होते. त्याआधी मागून आवाज आला, सगळा हॉल दणाणून सोडणारा, ढोकीच्या बाजारातला:

"तने, लांब टाक पाय! ती जमीन पाडत न्हाय!"

घर कुठं आहे असं मला आता कुणी विचारलं तर मी ढोकीचं नाव सांगत नाही आणि हैदराबादचंही नाही. त्या पायरीवर शाल अंथरून आप्पा बसले होते, तिथं होतं ते, त्या दुपारी. तुमच्या हॉलचं काय करायचं ते तुम्ही बघा. माझं नाव काढलंत तर उपकार होतील. आप्पा म्हणतात, आधी स्टेज फोडायचं.