कोरड्या वाफ्यातलं रोप

रोपवाटिकेत तिचा जन्म गेला होता. वाळकी काडीसुद्धा ही जगवेल, असं लोक म्हणत. म्हणूनच संशोधक बाईंनी तिला ठेवून घेतलं, आणि काम दिलं ते रोपं तहानलेली ठेवायचं.

वाफ्यांवर प्लास्टिकचं पारदर्शक छप्पर होतं. पाऊस त्यावर पडायचा आणि पन्हळीतून बाहेर निघून जायचा. काही रोपं ओल्या दरीतल्या बियांची, काही उघड्या डोंगरावरच्या. पुढेमागे पाऊस आटला तर कुठल्या बियांचं जंगल तग धरेल, हे बाईंना पाहायचं होतं. तिनं खोडांची जाडी मापायची, गळलेली पानं मोजायची. पाण्याचा थेंब द्यायचा नाही.

"म्हणजे घरचंच काम की," नवरा म्हणाला होता. त्याची मूत्रपिंडं थकलेली. पाणीही मापूनच प्यायचं. "रोपं तोंड वाजवत नाहीत, एवढाच फरक."

एका सकाळी त्यानं थट्टा केली नाही. नुसता रिकामा पेला पुढे धरला. तिनं तो धुऊन पालथा घातला आणि कामावर आली. दरीतल्या एका रोपानं मान टाकली होती. तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि आपली बाटली त्याच्या बुंध्याशी रिती केली.

दोन दिवसांनी बाई वाफ्याशी उकिडव्या बसल्या त्या हरखूनच.

"काकू, हे बघा! शेजारची सगळी झोपली, आणि हे ताठ! पुढची लागवड याच्याच कलमांची करू."

बोललं तर तिचं काम जाणार. औषधं कुठून आणायची? न बोललं तर या एका रोपाच्या भरवशावर डोंगरच्या डोंगर लावले जाणार, आणि पहिल्याच कोरड्या वर्षी उभे वाळणार.

"बाई, मी पाजलंय त्याला."

"काय?"

"एकदाच. राहवलं नाही."

"अहो, विचारायचं तरी!"

"नाहीच म्हणाला असतात."

बाईंनी खिशातून लाल फीत काढून खोडाला बांधली. ते रोप मोजणीतून बाद झालं.

"उद्या येऊ का मी?"

"या. बाटली मात्र दाराबाहेर ठेवायची."

"आणि याचं काय?"

"याचा आता आम्हाला उपयोग नाही. घाला पाणी."

तिनं झारी आणली. पण माती इतकी भाजून निघाली होती की पाणी आत जाईना, वरच्या वर घरंगळून जाऊ लागलं. मग ती खाली बसली. बोटानं बुंध्याशी खळगा केला आणि ओंजळभर पाणी मुरलं की दुसरी ओंजळ, असं घालत राहिली. बाकीच्या रोपांकडे तिनं पाठ केली होती.