जपमाळेला आलेला हवालदार

पासपोर्टच्या चौकशीसाठी आमच्या पापडी गावातल्या घरी जो हवालदार आला, त्याने पहिल्याच भेटीत ताटभर फुगे संपवले. फुगे म्हणजे आमच्याकडे सणाला तळतात ते गोल, पोकळ, गोडसर गोळे. तो गेल्यावर आई खूश होऊन म्हणाली, पोलीस असला तरी अगदी घरचा वाटतो. संध्याकाळी त्या घरच्या माणसाने मला मोबाइलवर गुलाबाचं चित्र पाठवलं.

मला दोह्यातल्या एका शाळेत शिक्षिकेची नोकरी मिळाली होती. पासपोर्ट वेळेत आला नाही तर ती दुसऱ्या कुणाला जाणार होती, आणि पासपोर्ट अडला होता या गृहस्थाच्या रिपोर्टवर. हे त्याला ठाऊक होतं, कारण फुगे वाढता वाढता मीच ते सांगून मोकळी झाले होते. रोज सकाळी गुलाब येऊ लागले. मग फोटोपेक्षा प्रत्यक्षात जास्त छान दिसता, असं आलं. मग अर्नाळ्याच्या एका रिसॉर्टवर एकट्या या, रिपोर्ट तिथेच पूर्ण करू. मी उत्तर देईना, तेव्हा गुलाब बंद झाले आणि सरकारी भाषा सुरू झाली: ‘घर बंद आढळले’ असं लिहावं लागेल.

मला संताप यायचा, पण त्याहून जास्त भीती वाटायची. आईला मी एवढंच सांगितलं की हवालदार रिपोर्ट अडवतोय. आईकडे सगळ्या दुखण्यांवर एकच औषध.

“पोलिसाशी वाकडं नको घेऊ, बाय. अजून थोडे फुगे पाठवू.”

तो ऑक्टोबर होता, म्हणजे जपमाळेचा महिना. आमच्या आळीत तेव्हा मारियामातेची मूर्ती रोज एकेका घरी मुक्कामाला जाते आणि संध्याकाळी अख्खी आळी त्या घरी प्रार्थनेला जमते. मूर्ती आमच्याकडे आली त्याच दिवशी त्याचा मेसेज आला, की संध्याकाळी घरी कोण असतं. माझ्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे, मी लिहिलं, सातला या. प्रार्थनेला बसवून त्याचे गुडघे चांगले दुखवायचे, एवढाच माझा बेत होता.

पुढच्या दाराने आला असता तर चपलांचा ढीग बघूनच पळाला असता. पण कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून पठ्ठ्या मागच्या केळीच्या वाडीतून, चिखल तुडवत, स्वयंपाकघराच्या दाराने आत शिरला. साधा शर्ट, केस चोपडलेले, अत्तर एवढं की मेणबत्तीचा वास मरून गेला. समोर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बायका बसलेल्या. चौकशीच्या दिवशी घरी असलेल्या माझ्या आत्याने त्याला ओळखलं आणि तिचा ऊर भरून आला. ड्यूटी संपवून बिचारा प्रार्थनेला आला, असं ती शेजारणीला म्हणाली, आणि त्याचा दंड धरून तिने त्याला थेट मूर्तीसमोर, पहिल्या रांगेत बसवलं. हातात जपमाळ दिली.

आत्या माळ सांगायला बसली की घाई हा प्रकार नसतो. त्यातून आज पाहुणा. तिने आळीतल्या मेलेल्या माणसांसाठी घरागणिक प्रार्थना घेतल्या आणि शेवटी सगळ्यांना कोब्यावर गुडघे टेकायला लावले. तो दर दोन मिनिटांनी एक गुडघा उचलायचा, आणि आत्याने प्रेमाने पाहिलं की परत टेकायचा. मला हसू आवरत नव्हतं.

मग विनंत्या सुरू झाल्या. ज्याच्या मनात जे असेल ते त्याने मोठ्याने मागायचं आणि बाकीच्यांनी “हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक” म्हणायचं. कुणाच्या सुनेसाठी, कुणाच्या मोतीबिंदूसाठी मागून झालं. हवालदारालाही एव्हाना प्रतिसाद पाठ झाला होता. पहिल्या रांगेतला आवाज खणखणीत होता. माझी पाळी आली तेव्हा माझं हसू कुठल्या कुठे गेलं.

“जे पोलीस पासपोर्टच्या रिपोर्टसाठी बाईमाणसाला एकटीला अर्नाळ्याच्या रिसॉर्टवर बोलावतात, त्यांना सद्बुद्धी मिळावी म्हणून आपण प्रार्थना करूया.”

“हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक,” अख्खी आळी म्हणाली. सवयीने तोही म्हणाला, सगळ्यांत मोठ्याने. मग त्याची मान हळूहळू खाली गेली.

“आणि ती आली नाही तर घर बंद आढळलं असं लिहिणाऱ्या, आज इथे बसलेल्या भावासाठी.”

या वेळी कुणीच काही बोललं नाही. मला वाटलं, संपलं, आता ओरडा आपल्यालाच बसणार. तेवढ्यात मागून एकटीचाच आवाज आला, उशिरा आणि चिरका. आई म्हणत होती, हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक. म्हणत ती उठली आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

“घर बंद होतं काय साहेब? मग फुगे कुणाच्या घरी खाल्ले?”

तो आला तसाच केळीतून गेला. दुसऱ्या दिवशी आम्ही वरिष्ठ अधिकाऱ्याकडे तक्रार द्यायला गेलो, तेव्हा बसायला बाकं पुरली नाहीत. त्याच्यावर चौकशी बसली. एक सरळ काम सरळ व्हायला अख्खी आळी आणि वर मारियामाता लागली, याची चीड मला अजून येते. जिच्यामागे आळी नाही तिने काय करायचं?

रिपोर्टसाठी नवा शिपाई आला. पुढच्या दाराने आला, उंबऱ्याबाहेरच उभा राहिला, आजूबाजूच्या दोन घरी विचारून सही घेऊन गेला. चांगला पोरगा होता. आईने त्याला पाणी दिलं. फुग्यांचा डबा ओट्यावर भरलेला होता, पण तिने त्याचं झाकण उघडलं नाही.